जत्रेतील कुस्तीची मैदाने आणि त्यांचा प्रेक्षक

सांगली आणि मिरज या पटवर्धनांच्या दोन जुन्या राजधान्यांच्या मधोमध विश्रामबाग ही वस्ती आहे. १९१९ साली येथे विलिंग्डन महाविद्यालय निघाले, १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालयाची भर पडली, आणि प्राध्यापक, विद्यार्थी व सेवानिवृत्त गृहस्थ यांचे हे निवांत उपनगर विद्येचे एक ठाणे म्हणून नावारूपास आले. परंतु मार्गशीर्ष उजाडला की नावाप्रमाणे विश्रांती देणाऱ्या या वस्तीतही एक बारीकशी चुळबूळ सुरू होते. सुगीची घाई ओसरलेली असते. गावोगावच्या जत्रांची पत्रके भिंतींवर दिसू लागतात. वर ग्रामदैवताचे चित्र, खाली मल्लांची चित्रे, आणि त्यांच्याखाली कोणाची जोड कोणाशी लागली आहे याची यादी, असा त्या पत्रकाचा थाट असतो. येणारेजाणारे बहुतेक लोक ते पाहून न पाहिल्यासारखे करतात. तथापि थांबून, चष्मा सावरून, पहिल्या जोडीपासून शेवटच्या जोडीपर्यंत ते वाचून काढणारा एक वर्ग या भागात पिढ्यान्पिढ्या नांदत आला आहे. या मंडळींना स्वतः लांग चढवावयाची नसते, इनाम मिळवावयाचे नसते, पंच म्हणून मिरवावयाचेही नसते. त्यांचा नाद एकच. आज या गावचे मैदान पाहावयाचे, आणि चार दिवसांनी त्या गावचे.

अशा नादाला इतर देशांतही सोबती आहेत. इंग्लंडात १८८८ साली फुटबॉलची 'लीग' स्थापन झाली आणि मोठमोठे संघ तिच्या छत्राखाली गेले. परंतु त्या छत्राबाहेर राहिलेले लहान संघ शेकड्यांनी होते व आजही आहेत. शेफील्ड शहरातील सँडीगेटच्या मैदानावर १८६० च्या २६ डिसेंबर रोजी हॅलम आणि शेफील्ड या दोन संघांचा सामना झाला. हॅलमचा संघ अद्याप त्याच मैदानावर खेळतो. अशी आडबाजूची मैदाने शोधीत शनिवारी दुपारी घराबाहेर पडणारे हौशी लोक त्या देशात पुष्कळ आहेत. संघ कोणता जिंकतो याची त्यांस फारशी क्षिती नसते. नवे मैदान पाहिले, तेथील माणसांत उभे राहिलो, खेळ डोळ्यांनी अनुभवला, आणि वहीत एक नोंद वाढली, एवढ्यातच त्यांचे समाधान असते.

कृष्णा, वारणा व येरळा यांच्या काठच्या मुलखात या नादाने कुस्तीचा आश्रय घेतला. येथेही दोन प्रकारचे खेळ आहेत. एक पदव्यांचा. १९५९ साली 'हिंद केसरी' व १९६१ साली 'महाराष्ट्र केसरी' हे किताब सुरू झाले. त्यांचे नियम छापलेले आहेत, वजनगट ठरलेले आहेत, विजेत्यांच्या नामावळी उपलब्ध आहेत. दुसरा जत्रेचा. त्यास नोंदवही नाही, कायमचे कार्यालय नाही, पुष्कळ ठिकाणी तिकीटही नाही. गावच्या देवाची जत्रा आहे म्हणून मैदान आहे, आणि मैदान आहे म्हणून माणसे येतात. पहिल्या प्रकारचा इतिहास लिहिणे सोपे आहे. दुसऱ्याचा इतिहास मात्र पाहणाऱ्यांच्या आठवणीत साठलेला असतो. राजेरजवाड्यांचा आश्रय नाहीसा झाल्यावर हा दुसरा खेळ कोणी सांभाळला, या प्रश्नाचे उत्तरही त्या पाहणाऱ्यांपाशीच सापडते.

मल्लयुद्ध पाहणे हा स्वतंत्र आनंद आहे, ही जाणीव या भूमीत फार जुनी आहे. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाने कोणकोणत्या विनोदांत काळ घालवावा याचे वर्णन आहे. त्यांत 'मल्लविनोद' हा एक आहे. ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक व गोवल अशा मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार, त्यांचे श्रम यांचा विचार त्या ग्रंथाने केला आहे. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, विनोद हा शब्द लढणाऱ्याच्या बाजूने योजलेला नाही. तो पाहणाऱ्याच्या बाजूने योजलेला आहे. पुढे सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी याच प्रदेशात मारुतीची मंदिरे स्थापिली. चाफळ, मसूर, उंब्रज, शिंगणवाडी, बहे, बत्तीस शिराळा इत्यादी ठिकाणचे अकरा मारुती प्रसिद्धच आहेत. आजही या भागातील तालमीत शिरताना पहिला नमस्कार मारुतीस आणि दुसरा मातीस होतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी या विनोदास खरे भव्य रूप दिले ते कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणप्रसंगी ते विलायतेस गेले. त्या प्रवासात रोम येथील प्राचीन वर्तुळाकार प्रेक्षागृह पाहून आपल्या राजधानीतही असे काही असावे, हा विचार त्यांच्या मनात आला, असे सांगतात. त्या विचाराचे फळ म्हणजे खासबागेचे मैदान. १९१२ साली ते पुरे झाले. मध्यभागी तांबड्या मातीचा हौदा आणि त्याच्या चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना आहे. हजारो माणसे बसली तरी शेवटच्या रांगेतील माणसासही मल्लाच्या पायाची हालचाल दिसावी, हे त्या रचनेचे मर्म आहे. राजाने स्वतःच्या आसनापुरता सज्जा बांधून घेतला असता तर ते नवल नव्हते. येथे रयतेच्या डोळ्यांची सोय आधी पाहिली गेली. त्याच वर्षी खासबागेत इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली व इमामबक्षाने ती जिंकली. हा इमामबक्ष म्हणजे जगज्जेत्या गामाचा धाकटा बंधू. १९१० साली हे दोघे बंधू लंडनला गेले होते. तेथे इमामबक्षाने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला हरविले, आणि गामा व पोलंडचा झिबिस्को यांची झुंज सुमारे अडीच तास चालून बरोबरीत राहिली. पुढे १९२८ साली पतियाळा येथे गामाने त्याच झिबिस्कोस मिनिटाच्या आत चीत केले. अशा तोलाचे मल्ल कोल्हापुरास येऊ लागल्यावर आसपासच्या मुलखातून प्रेक्षकांचे लोंढे लोटले असल्यास आश्चर्य ते काय? मिरज ते कोल्हापूर हा लोहमार्ग १८९१ पासून चालू होता. सांगली-मिरजेच्या कुस्तीशौकिनास कोल्हापूर त्यामुळे हाकेच्या अंतरावर आले.

राजाश्रयाचा अर्थ केवळ मैदान बांधून देणे एवढाच नव्हता. तालमीत मल्ल ठेवणे, त्याच्या दूध-तुपाची व बदामाची तरतूद करणे, उत्तरेकडील वस्ताद बोलावून डावपेच शिकविणे, हा सारा खर्च दरबारातून होई. कोल्हापूर यांत अग्रेसर होते. तथापि आसपासच्या संस्थानांनीही आपापल्या परीने या परंपरेस हातभार लावला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला हे सर्वश्रुत आहे. कुंडल हे गाव त्यांच्याच संस्थानात होते, आणि आज कुस्तीच्या मोठ्या मैदानांची नावे घेताना कुंडलचे नाव प्रथम पंक्तीत येते.

मग काळ पालटला. १९४८ च्या ८ मार्च रोजी सांगलीसह दक्षिण महाराष्ट्रातील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ च्या १ मार्च रोजी कोल्हापूरही विलीन झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला. १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. राज्यकारभाराच्या दृष्टीने ही उलथापालथ इष्टच होती. परंतु तालमीत जोर काढणाऱ्या पोराच्या दृष्टीने तिचा अर्थ एवढाच होता की, खुराकाचे दूध आता कोणत्या दाराहून येणार हे ठरलेले नव्हते.

या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्याने दिले. तेथील खाशाबा जाधव हे मल्लाच्याच घराण्यात १९२६ साली जन्मले आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांना कोल्हापूर दरबाराचे साह्य मिळाले. मातीत घडलेला हा मल्ल तेथे गादीवर लढला आणि सर्वांत हलक्या गटात सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीस जाण्याची वेळ आली तेव्हा दरबार उरला नव्हता. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. कराडला ते परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक त्यांना घेऊन गोळेश्वरास गेली. इथपर्यंतची कथा शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध मात्र तितका सांगितला जात नाही. गुरूचे घर सोडविण्यासाठी खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे जंगी सामने भरविले, स्वतः त्यांत उतरले, जिंकले, आणि आलेला पैसा खर्डेकरांच्या हवाली केला. गहाण पडलेले घर शेवटी कोणी सोडविले? मैदानावर येऊन पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकाने. ऑलिंपिक पदकाचे श्रेय वाटताना या निनावी माणसाचा वाटा विसरता कामा नये.

यानंतरच्या काळात हाच वाटा वाढत गेला. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंद केसरी झाले. १९६० साली तो मान शिराळा तालुक्यातील पुनवतच्या गणपत आंदळकरांना मिळाला आणि १९६४ साली मिरज तालुक्यातील कवठेपिरानच्या मारुती माने यांना. १९६२ च्या जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत आंदळकर व माने या दोघांनीही प्रत्येकी एक सुवर्ण व एक रौप्य पदक मिळविले. एका जिल्ह्यातील दोन खेड्यांनी अशी कामगिरी करावी यात योगायोगाचा भाग थोडा. ज्या मुलखात दर आठवड्यास कोठे ना कोठे मैदान भरते, तेथे खेड्यातील पोरास आपल्या जोडीचा मल्ल शोधण्यास लांब जावे लागत नाही, आणि जिंकलेल्या इनामातून पुढच्या महिन्याचा खुराक सुटतो. माणसे येतात म्हणून गाव वर्गणी काढते. वर्गणी निघते म्हणून इनाम लागते. इनाम लागते म्हणून मल्ल वर्षभर तालमीत राहतो. आणि मल्ल तालमीत राहतो म्हणून पुढल्या वर्षी माणसे पुन्हा येतात. वारणेकाठी व कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने उभे राहिल्यावर त्यांपैकी काहींनी मल्लांना मानधन दिले, वारणानगरासारख्या ठिकाणी नवी मोठी मैदानेही भरू लागली. पण तेथेही मैदानाची प्रतिष्ठा देणगीच्या आकड्यावर ठरत नाही. भोवती बसलेल्या माणसांच्या गर्दीवर आणि त्यांच्या जाणतेपणावर ठरते.

जत्रेचे मैदान कसे चालते हे पाहिल्यावाचून या जाणतेपणाची कल्पना येणार नाही. हौद्यातील तांबडी माती आधी खणून, चाळून मऊ केली जाते. तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर आणि काव मिसळतात. हळदीने जखम चिघळत नाही आणि ताक-तेलाने माती अंगास बोचत नाही, असा जुना अनुभव आहे. जत्रेच्या दिवशी मातीची पूजा होऊन नारळ फुटतो. हलगी कडाडते, तिला घुमके व कैताळ यांची साथ मिळते, आणि भर दुपारी पहिली जोड हौद्यात उतरते. ही जोड म्हणजे आठ-दहा वर्षांची दोन पोरे. त्यांचे इनाम रेवड्यांचे किंवा नारळाचे. नवखा प्रेक्षक या कुस्त्यांकडे पाठ फिरवून जत्रेतील दुकाने पाहत हिंडतो. खरा शौकीन मात्र त्याच वेळी पुढची जागा धरून बसलेला असतो. पुढे नावारूपास येणारा मल्ल प्रथम रेवड्यांच्या कुस्तीतच ओळखावयाचा असतो, हे त्यास ठाऊक असते.

मग एकामागून एक चढत्या श्रेणीने कुस्त्या लागतात. पुष्कळशा जोडी आधी ठरलेल्या असतात; काही तेथेच लागतात. जोड मागणारा मल्ल उघड्या अंगाने हौद्याभोवती फेरी घालतो, दुसरा पुढे येतो, पंच दोघांना शेजारी उभे करून उंची, छाती व बांधा न्याहाळतात, आणि जोड जुळली की दोघांचे हात वर उचलतात. तराजू नाही, वजनाचा काटा नाही. पंचांचा डोळा हाच काटा. त्या डोळ्यावर प्रेक्षकांचे हजार डोळे पहारा करतात. जोड विषम दिसली की चहूबाजूंनी आरडाओरडा होतो आणि पुष्कळदा पंचांना निर्णय फिरवावा लागतो. लढत सुरू होण्यापूर्वी मल्ल मूठभर माती उचलून एकमेकांच्या हातास लावतात. निसरडा घाम पुसला जाऊन पकड बसावी हा तिचा उपयोग आहे, आणि आपण दोघे एकाच मातीचे, हा तिचा भाव आहे. शड्डू घुमतो, सलामी होते, खडाखडी सुरू होते.

येथून पुढे जे घडते ते अजाण माणसास नुसती ओढाताण वाटते. जाणत्यास त्यात वाक्ये ऐकू येतात. मानेवर पडलेला हात केवळ बळ अजमावीत आहे की एकलंगी घालण्यापूर्वीची हुलकावणी देत आहे, पाठीमागे जाऊन कब्जा घेतलेला मल्ल आता घिस्सा मारणार की घुटना ठेवणार, ढाकेचा पवित्रा खरा की खोटा, याची चर्चा बैठकीत दबक्या आवाजात चालू असते. मातीच्या कुस्तीचा कायदा मूळचा साधा आहे. दोन्ही खांद्यांना माती लागली की हार. गुण नाहीत, फेऱ्या नाहीत, आणि पूर्वी घड्याळाचेही बंधन नव्हते. म्हणूनच येथे 'निकाली' या शब्दास मोठे मोल आहे. निकाली कुस्ती झाली की फेटे आकाशात उडतात, विजयी मल्लास खांद्यावर घेऊन लोक हौद्याभोवती नाचतात, आणि कोणी शेतकरी गर्दीतून वाट काढीत येऊन त्याच्या हातावर आपल्या खिशातील नोट ठेवतो. ध्वनिक्षेपकावरून त्या शेतकऱ्याचे नाव पुकारले जाते. शंकर पुजारी यांच्यासारख्या निवेदकांनी या पुकाऱ्यास वक्तृत्वकलेचे रूप दिले; मल्लाचे गाव, त्याचा वस्ताद, त्याच्या मागील कुस्त्या हे सारे ते लिहिलेल्या कागदावाचून सांगत आणि मैदान तल्लीन होऊन ऐके.

याच्या उलट एक शब्द आहे, आणि तो मैदानात अत्यंत अपमानाचा मानला जातो. तो शब्द 'नुरा'. दोघा मल्लांनी आधीच संगनमत करून लढण्याचे सोंग केले तर ती नुरा कुस्ती. छापील नियमांच्या पुस्तकात या रोगावर तत्काळ लागू पडणारे औषध नाही. जत्रेच्या मैदानात ते आहे. डाव अर्ध्यावर सुटला, पकड मनापासून नाही, डोळ्यांत चुरस नाही, हे जुन्या प्रेक्षकाच्या ध्यानी येण्यास फार वेळ लागत नाही. एकदा का 'नुरा, नुरा' अशी आरोळी उठली की पंचांना त्या जोडीस हौद्याबाहेर काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तो मल्ल पुढच्या गावी गेला तरी ही अपकीर्ती त्याच्या आधी तेथे पोहोचलेली असते, कारण तीच माणसे तेथेही आलेली असतात. गावोगाव फिरणाऱ्या प्रेक्षकाचे खरे सामर्थ्य यात आहे. एका गावचा प्रेक्षक फसविता येतो. दहा गावे पाहिलेला फसविता येत नाही.

पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, औंधची यमाईची यात्रा, विटे, बेनापूर, कुंडल, अशी नावे एका दमात घेणारी माणसे या नादातूनच तयार झाली. त्यांच्यापाशी वह्या क्वचितच असतात. पण कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणी कोणास कोणत्या डावावर पाडले, हे परतीच्या गाडीत रंगणाऱ्या गप्पांतून ताडून, दुरुस्त होऊन, धाकट्या पिढीकडे जाते. १९७७ साली बेळगावात हरिश्चंद्र बिराजदार यांनी दिल्लीच्या सतपाल यांस चीत केले. ती कुस्ती कोणत्याही किताबासाठी नव्हती. तरीही ती पाहिलेली माणसे तिचे वर्णन करताना अनेक वर्षांनंतरही उभी राहत. हे दप्तर बोलके आहे. त्यात चुका शिरतात, अतिशयोक्ती शिरते. पण दुसरे दप्तर नाही, हेही तितकेच खरे.

फुटबॉललाही या परंपरेने आपलेसे केले, ही मौजेची गोष्ट आहे. कोल्हापुरात फुटबॉलच्या संघांची नावे पाहिली तर पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ अशी आढळतात. ज्या पेठेने आपल्या तालमीतील मल्लासाठी फेटे उडविले, तीच पेठ शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या फुटबॉल संघासाठी घसा कोरडा करते. खेळ परदेशी, परंतु त्यास मिळालेला आश्रय मात्र या मातीच्या जुन्या रीतीचा.

आता या लोकाश्रयाची कसोटी लागली आहे. जागतिक स्पर्धा गादीवर होतात. तेथील लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत, गुणांच्या हिशेबाने संपते. ज्या मल्लास पदक हवे त्याने गादीवरच सराव केला पाहिजे, हे १९४८ साली खाशाबांना लंडनमध्ये उमगलेले सत्य आज अधिकच कठोर झाले आहे. महाराष्ट्र केसरी स्पर्धेने माती व गादी असे दोन विभाग ठेवून मध्यम मार्ग काढला. तथापि दोन्ही विभागांच्या विजेत्यांची अखेरची लढत गादीवरच होते. मातीचे अभिमानी यास अन्याय म्हणतात. गादीचे पुरस्कर्ते यास काळाची गरज म्हणतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र या वादात एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. गादीवरील मल्लास सरकार, संघटना व पुरस्कर्ते यांचा आधार मिळू शकतो. मातीतील मल्लास प्रेक्षकाखेरीज कोणी नाही.

हे किती खरे आहे याचा दाखला २०२० व २०२१ या दोन वर्षांनी दिला. महामारीमुळे जत्रा बंद झाल्या, आणि जत्रांबरोबर मैदानेही बंद झाली. देवाची पूजा पुजाऱ्याने एकट्याने उरकली तरी चालते. कुस्ती एकट्यादुकट्यापुढे होत नाही. हंगामाचे इनाम बुडाले तसा खुराक तुटला. तालमी ओस पडल्या, आणि कित्येक तरुण मल्ल गावी परतून शेतमजुरीस लागले. मल्लाचे शरीर वर्षानुवर्षांच्या मेहनतीने घडते आणि काही महिन्यांच्या उपासमारीने मोडते. दोन हंगाम माणसे आली नाहीत तर काय होते, हे त्या वेळी सर्वांना दिसले.

त्यानंतर मैदाने पुन्हा भरू लागली, हेही सांगितले पाहिजे. इतकेच नव्हे, तर जी मर्यादा पूर्वी कोणी ओलांडली नव्हती तीही ओलांडली गेली. २०२३ च्या मार्चमध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि सांगली जिल्ह्याच्याच प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. ज्या मैदानांत स्त्रियांना बैठकीतही फारसे स्थान नव्हते, त्या मैदानांच्या जिल्ह्यात हे घडले. जुन्या शौकिनांपैकी काहींनी प्रथम नाके मुरडली असतील. परंतु डावाचे कौतुक ज्यास कळते त्यास डाव कोणी टाकला यापेक्षा तो कसा बसला हे अधिक महत्त्वाचे वाटते. नुऱ्याची पारख करणारा डोळा अस्सल लढतीस फार काळ नाकारू शकत नाही.

शाहू महाराजांनी बांधलेले खासबागेचे मैदान पक्के आहे. त्याची निगा राखणे हे दगडचुन्याचे काम आहे. खेड्यातील मैदानाचे तसे नाही. जत्रा संपली की भोवतीची बैठक उठते आणि आठ दिवसांत तेथे गुरे बसू लागतात. पुढील वर्षी ते मैदान पुन्हा उभारावे लागते. पुन्हा वर्गणी, पुन्हा माती, पुन्हा पत्रके. ते टिकविण्याचा उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे दरसाल तेथे जाणे. राजाश्रय एका माणसाच्या मर्जीने मिळतो आणि एका सहीने जातो. लोकाश्रय हजारो माणसांच्या पायपिटीने मिळतो, आणि ती पायपीट थांबली की कोणाच्या सहीवाचून, कोणाच्या नकळत निघून जातो. विश्रामबागेतील भिंतीवरचे पत्रक थांबून वाचणारा गृहस्थ आपण केवळ मौजेखातर घराबाहेर पडतो असे समजत असेल. वस्तुतः जे काम एके काळी दरबार करीत असे, ते त्याच्याकडे आले आहे.